गुडघे न टेकता

३ फेब्रुवारी

सात.

एवढंच लिहायचं, असं दवाखान्यातल्या व्यायामवालीचं म्हणणं आहे. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. रोज संध्याकाळी एक आकडा टाकायचा. वही तिनेच दिली. पण वही दोनशे पानांची आहे आणि माझ्याकडे सध्या वेळच वेळ आहे. म्हणून आकडे पुढून लिहायचे आणि बाकीचं मागून, असं ठरवलंय. मागचं तिला दाखवायचं नाही.

काल डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. अडतीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्या, त्यातली निम्मी वर्षं तरी गुडघ्यांवर गेली असतील. उजवा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता, आता रोजचाच बोंबलतो. बाईंनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला. दोन हाडांमध्ये जी फट असायला हवी ती आतल्या बाजूला जवळजवळ मिटली आहे. मला लगेच कळलं. दोन टाइल्समध्ये फट ठेवली नाही की त्या एकमेकींना रेटतात आणि एक दिवस उचकटून वर येतात. बाईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "साधारण तसंच. पण टाइलला स्नायू नसतात, तुम्हाला आहेत. आपण तिथूनच सुरुवात करू."

म्हटलं, ऑपरेशन करून एकदाचं मोकळं करा. तर म्हणाल्या, आत्ता नाही, कदाचित कधीच नाही. मांडीचे स्नायू बळकट करायचे, आठ किलो वजन उतरवायचं (मी पोट आत घेतलं, पण त्यांनी आधीच बघितलं होतं), दुखेल तेव्हा मलम, जिन्याला आणि लांबच्या चालीला काठी, तीसुद्धा डाव्या हातात. आणि जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत.

"बाई, माझं पोटच गुडघे टेकून चालतं."

"मग न टेकता कसं चालेल, ते शोधू या."

ही सोबत आली होती. हिने माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारले. जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना, असं बाईंनी मला विचारलं तर हीच पटकन म्हणाली, "उतरताना. आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं पाय लाकडासारखे असतात." मी हे हिला कधी सांगितलेलं आठवत नाही. चौतीस वर्षांच्या संसारात माणसाला न सांगता किती कळतं, याचं नवल वाटलं.

७ फेब्रुवारी

सात.

व्यायाम असे. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली घ्यायची आणि मांडी आवळून ती पाच मोजेपर्यंत दाबायची. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, बसायचं. ऐकायला पोरखेळ. चौथ्या वेळी मांडी अशी थरथरली की खुर्चीचा पाय जमिनीवर वाजायला लागला.

सोबत म्हणून ही पण करते. पलंगाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ही. म्हणाली, "तुम्हाला एकट्याला सोडलं तर तीन दिवसांत वही मिटवाल." खरं आहे. पाय उचलताना हिने ओठ घट्ट दाबून धरले होते. मला वाटलं, हसू दाबते आहे. म्हटलं, खुशाल हस, मला काही वाटणार नाही. तर नुसती मान हलवली आणि पुढचे पाच मोजले.

१२ फेब्रुवारी

सहा.

चहातली साखर बंद झाली, म्हणजे चहाच बंद झाल्यासारखा आहे. वजन पाऊण किलो कमी.

आज गुण्या आला. गेली सव्वीस वर्षं माझा भागीदार. काटकोन बघायचा लोखंडी गुण्या कायम त्याच्या पिशवीत असतो आणि कुणाच्या घरी पाहुणा गेला तरी तो तिथल्या भिंतीचा कोपरा तपासून येतो, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवतं की नाही कोण जाणे. तर शाळेच्या हॉलचं काम आपल्याला मिळालं. मार्चमध्ये सुरुवात, उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत संपवायचं. एवढं सलग मोठं काम आम्ही सहा-सात वर्षांत केलेलं नाही.

"येणार ना?" गुण्या म्हणाला.

"येणार म्हणजे काय? मी नाही तर कोण?"

तो माझ्या काठीकडे बघत बसला. काठी सोफ्याला टेकवून ठेवली होती, आणि मला वाटतं, ती काटकोनात नव्हती.

१९ फेब्रुवारी

सहा.

डॉक्टरीणबाईंना इंजेक्शन मागितलं. नको म्हणत होत्या, मग तयार झाल्या, पण आधी खूप बजावलं. याने काही आठवडे आराम पडेल, झीज भरून येणार नाही. सारखं सारखं घ्यायचं नसतं. आराम पडेल तेवढ्यात व्यायाम वाढवायचा, त्यासाठी हे द्यायचं. "दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नाही. कळलं का?" म्हटलं, कळलं.

निघताना हिने विचारलं, "हे दोन्ही गुडघ्यांत एकाच वेळी देतात का?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुणाला हवंय?"

"सहज विचारलं."

"सहज विचारायलासुद्धा इथे येता येतं," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी एकट्या या."

मला हे बोलणं जरा विचित्रच वाटलं. डावा गुडघा माझा अजून ठणठणीत आहे.

२३ फेब्रुवारी

एक.

एक. खोटं नाही. सकाळी उठलो तो चालतच गेलो, पलंगाच्या कडेला बसून राहिलो नाही. काठी कपाटामागे ठेवून दिली. व्यायामाला आज सुट्टी.

हिने मात्र केले. एकटीने, आतल्या खोलीत, दार लोटून. मला टोमणा म्हणूनच असणार.

३ मार्च

एक.

हॉलचं काम सुरू झालं. हिला सांगितलं, फक्त दोऱ्या ताणून द्यायला जातोय. दोऱ्या ताणल्या. मग माल कालवलेला दिसला, थापी दिसली, आणि मी खाली बसलो ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठलोच नाही.

काय सांगू. ओल्या मालावर टाइल ठेवायची, रबरी हातोड्याने चार कोपऱ्यांवर हलकेच ठोकायचं, आणि टाइलचा आवाज पोकळ होता तो भरीव झाला की हाताला कळतं, बसली. त्या आवाजासाठी मी दोन महिने भुकेला होतो. भराभर सरकत गेलो. गुण्या मागून म्हणाला, दमाने घे. म्हटलं, तूच दमाने घे, तुझं वय झालं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे.

४ मार्च

दोन. आजही दिवसभर काम. हिला दोऱ्यांचंच सांगितलं. "किती दोऱ्या आहेत त्या शाळेत," एवढंच म्हणाली.

६ मार्च

नऊ.

काल दुपारी उठायला गेलो आणि उठता आलं नाही. गुडघा नारळाएवढा सुजला होता. गुण्याने एका काखेत हात घातला, शाळेच्या शिपायाने दुसऱ्या, आणि मला ओल्या सिमेंटच्या पोत्यासारखं उचललं. मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी तोंड वळवलं ते बरं केलं.

गुण्याने फोन केला असावा, ही रस्त्यावर येऊन उभी होती. तीन मजले चढायचे, लिफ्ट नाही. मला वाटलं, ही आधार देईल. तर ही कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, अशी माझ्या पुढे. प्रत्येक मजल्यावर थांबली. मी मागून गुण्याच्या खांद्यावर. मला राग आला. म्हटलं, माझी नक्कल करतेस का? ही पुढची पायरी चढली. घरात आल्यावर बर्फाची पिशवी आणून दिली, टॉवेल गुंडाळून.

ओरडलीसुद्धा नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

९ मार्च

सात.

व्यायामवाली घरी येऊन गेली. पुढच्या पानांवरचे आकडे वाचले. एक, एक, दोन, नऊ. नऊवर बोट ठेवलं. म्हणाली, "काका, इंजेक्शनने तुम्हाला रस्ता मोकळा करून दिला होता आणि तुम्ही गाडी भिंतीवर घातलीत." मग पहिल्या व्यायामापासून पुन्हा सुरुवात. टॉवेलची गुंडाळी.

मग हिच्याकडे वळून म्हणाली, "काकू, तुमचं छान चाललंय. आता खुर्चीवरचे पंधरा करा." ही नुसतीच सोबत करते, हे तिला सांगायचं राहून गेलं.

१४ मार्च

पाच.

आज हॉलवर गेलो, हिला खरं सांगून. काठी डाव्या हातात. गुण्याने वर्गातला एक बाक आणून हॉलच्या मध्यभागी ठेवला. मी बसलो. अडतीस वर्षांत काम चालू असताना मी बाकावर कधी बसलो नव्हतो. गुडघ्यांवर असताना माणसाला समोरच्या चार टाइल्स दिसतात. बाकावरून अख्खी जमीन दिसते.

आणि अख्खी जमीन दिसली म्हणून तेही दिसलं. तिसऱ्या ओळीपासून रेघ उजवीकडे सरकत गेली होती. दारापाशी चूक केसाएवढी, खिडकीपाशी अर्धं बोट. तिथून पुढे शंभर टाइल्स गेल्या असत्या तर स्टेजपाशी पाचरीसारखे तिरके तुकडे कापून बसवायची वेळ आली असती. कुणी बसवल्या होत्या? मी. इंजेक्शनच्या तोऱ्यात, दोरी न बघता.

"गुण्या, ह्या काढाव्या लागतील."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"परवाच दिसलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझं आधीच दुखत होतं," तो म्हणाला आणि छिन्नी घेऊन आला.

एकोणतीस टाइल्स काढल्या. मी बाकावर बसून बघितल्या, एकेक. मग नवीन दोरी लावून घेतली. भिंतीच मुळात काटकोनात नाहीत. रेघ दाराला नाही, स्टेजला धरायची, म्हणजे कापलेले तुकडे मागच्या भिंतीशी जातील, जिथे कपाटं येणार आहेत. गुण्याने दोनदा मोजलं. मग म्हणाला, "बाकावर बसून बरं सुचतं तुला."

घरी येताना मन हलकं होतं. हे विचित्रच.

१८ मार्च

पाच.

लेकीचा फोन. माझी चौकशी केली, मग म्हणाली, "आणि आईचं काय?"

"आईचं काय?"

"बाबा, तिला विचारा ना."

विचारलं. "तुझं काय?" ही ओट्याशी उंच स्टूलवर बसून भाजी चिरत होती. हे स्टूल मागच्या वर्षी आणलं, उभं राहून कंटाळा येतो म्हणून. "माझं काय असणार? काही नाही," म्हणाली. लेकीला तसं कळवलं.

२९ मार्च

चार. वजन साडेतीन किलो कमी.

आकडा लिहिला खरा, पण आज तो माझ्या मनात नाही.

सकाळी गॅलरीत गेलो. मी गुडघ्याला जो पट्टा लावतो, तो धुऊन वाळत घातला होता. शेजारी अजून दोन होते. लहान मापाचे, कडेला विरलेले, धुऊन धुऊन रंग उडालेले. मला वाटलं, शेजाऱ्यांचे वाऱ्याने आले. मग वाटलं, नाही, चिमटे आमचेच आहेत.

ते हातात घेऊन आत आलो. ही स्टूलवर बसली होती. तेव्हा स्टूल दिसलं. म्हणजे रोज दिसायचंच, आज दिसलं. मग सगळं एकामागून एक. कठडा दोन्ही हातांनी. सकाळी पाय लाकडासारखे. उतरताना जास्त दुखतं. दार लोटून केलेले व्यायाम. दाबून धरलेले ओठ. अर्ध्या बोटाची चूक मला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

हिने पट्ट्यांकडे बघितलं. "दिवस नाही. चार वर्षं होतील."

"चार वर्षं. आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही म्हणालात, जरा चालत जा, बसून बसून होतं तसं."

मी असं म्हणालो होतो का? म्हणालो असेन. माझ्याच तोंडातलं वाक्य आहे ते.

"मग पुन्हा सांगायचं."

"तुमचा गुडघा कामाचा," ही म्हणाली. "माझा घरातला. घरातल्याला कोण डॉक्टर करतं? तुमचं निघालं तेव्हा मनात म्हटलं, चला, आता ऐकायला तरी मिळेल काय करायचं ते." आणि हसली. खरंच हसली, कडूपणा नव्हता त्यात. मी पट्टे मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो.

दोन महिने ही माझ्या दुखण्याच्या आडोशाने स्वतःचं दुखणं बरं करत होती, आणि मी समजत होतो ही मला सोबत करते आहे.

मी उठून भाजी चिरायला घेतली. तुकडे सगळे एका मापाचे केले. ही म्हणाली, "टाइल्स नाहीत त्या." पण सुरी परत मागितली नाही.

४ एप्रिल

तीन. (हिचं: चार, चार. तिच्या दोन गुडघ्यांसाठी दोन रकाने आखले.)

आज डॉक्टरीणबाईंकडे पेशंट ही होती आणि सोबत मी. फोटो काढला. उजेडासमोर धरला तेव्हा मला काही सांगावं लागलं नाही. दोन्ही गुडघे, माझ्याहून वाईट.

मी घाबरलो. म्हटलं, आता हिचं ऑपरेशन?

बाई म्हणाल्या, "फोटोवर ऑपरेशन होत नाही, माणसावर होतं. काकू, खुर्चीवरून उठून दाखवा." ही हात न टेकता उठली, बसली, उठली. पंधरा वेळा. धापसुद्धा लागली नाही. "जिना?" तर म्हणाली, महिन्यापूर्वी प्रत्येक मजल्यावर थांबायचे, आता एकदाच थांबते. बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुमच्यापेक्षा वाईट फोटो आणि तुमच्यापेक्षा चांगली मांडी. एकही दिवस चुकवला नाही ना?" "एकही नाही," ही म्हणाली. मी मध्ये नऊ दिवस चुकवले होते, ते कुणी विचारलं नाही.

झीज आहे तेवढी राहील, बाई म्हणाल्या, कदाचित वाढेलही. कधी तरी ऑपरेशनचा विचार करावा लागला तर तेव्हा करू. पण आज चालता येतंय, आणि उद्या जास्त येईल. हिलाही मलम, हिलाही काठी. काठी ही घेणार नव्हती. मी म्हटलं, मी घेतो तर तू घे. आता दारामागे दोन काठ्या आहेत.

आणि आठवड्यातून दोनदा पाण्यात चालायला सांगितलंय. पोहायचं नाही, चालायचं. छातीपर्यंतच्या पाण्यात गुडघ्यांवर वजन जवळजवळ येतच नाही.

ही म्हणाली, "पाण्यात? या वयात?"

१७ एप्रिल

तीन. (तीन, चार.)

हॉल पूर्ण झाला. सुट्टी लागायला सहा दिवस शिल्लक. शेवटची ओळ कपाटांच्या भिंतीशी बरोबर हाताच्या रुंदीची आली, मी बाकावरून सांगितली होती तेवढीच. मुख्याध्यापिकाबाई चपला काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी वर्गांचं काम आहे. बाकवाल्या मिस्त्रींनीच करायचं."

गुण्याने आजपासून हे नाव उचललंय. बाकवाला. माझं खरं नावही आता जाणार असं दिसतंय.

मी या कामात शेवटचे पाच आठवडे एकदाही गुडघा टेकला नाही. टाइल बसल्याचा आवाज मात्र मी लांबूनच ऐकला. ते थोडं लागतं मनाला. लागू दे.

२१ एप्रिल

आज आकडे टाकायचे राहिले.

पोहण्याच्या तलावावर गेलो. बायकांची आणि पुरुषांची एकत्र वेळ सकाळी आठची, सगळी आमच्यासारखीच म्हातारी मंडळी. ही कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर यायलाच तयार नव्हती. शेवटी आली ती गळ्यापासून पोटरीपर्यंत झाकलेल्या काळ्या पोशाखात, डोक्याला रबरी टोपी, हातात दोन्ही काठ्या. लेकीने पाठवलाय म्हणे पोशाख. मी हसलो नाही. मीही काही बघण्यासारखा नव्हतो.

पायऱ्यांवरून एकेक पाय टाकत उतरलो, दांडी धरून. पाणी कमरेला आलं, मग छातीला. व्यायामवाली काठावरून म्हणाली, चाला आता. मला भीती वाटली, खरं सांगायचं तर. मी काठ धरून उभा राहिलो. पायाखालची जमीन बघायला लागलो, पाण्यातून हलताना दिसत होती. निळ्या छोट्या टाइल्स, बऱ्या बसवल्या होत्या. पण चौथ्या ओळीत एक तिरकी होती. कुणीतरी घाई केली असणार.

मान वर केली तर ही शेजारी नव्हती. तलावाच्या मध्यापर्यंत गेली होती. हात दोन्ही बाजूंना पसरलेले, तोल सांभाळायला, आणि चालत होती. एक पाय, मग दुसरा पाय, दोन्ही पाय एकत्र यायची वाट न बघता. लग्नाआधी तिला बघायला गेलो होतो तेव्हा ती अशीच चालत आत आली असेल. मी तेव्हा बहुतेक जमीन बघत होतो.

ती वळली. "अहो," म्हणाली, "काही दुखतच नाहीये."

"इथे एक टाइल तिरकी आहे," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. 

"असू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा. आणि या."

मी काठ सोडला आणि तिच्याकडे बघत चालत गेलो.